शेजाऱ्याला तुमचे ग्राहक हवे आहेत की तुमची जागा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही दोघी मैत्रिणी तलावाच्या काठी बारा खोल्यांचे हॉटेल भागीदारीत चालवता. शेजारच्या मोठ्या हॉटेलच्या मालकाने तुमची मालमत्ता विकत मागितली, तुम्ही नकार दिला, आणि पुढच्या हंगामात एकामागून एक विघ्ने सुरू झाली. एका आठवड्यात पाच एक-तारा अभिप्राय आले, ऑनलाइन नकाशावर तुमचे हॉटेल ‘कायमचे बंद’ दिसू लागले, आठ खोल्यांचे एक आरक्षण आदल्या संध्याकाळी रद्द झाले, स्वयंपाकी शेजारी कामाला गेला आणि निनावी तक्रारीवरून सांडपाण्याची तपासणी झाली. बोटींच्या धक्क्याकडे जाणारी तुमची वाट ज्या जमिनीतून जाते ती जमीन तो विकत घेणार असल्याचेही आता तुमच्या कानावर आले आहे. त्याला सर्वांसमोर उघडे पाडावे, न्यायालयात खेचावे, की दर उतरवून टक्कर द्यावी, असे तुम्ही विचारले आहे. शेवटी जाता जाता तुम्ही असेही लिहिले आहे की तुमच्यापैकी एकीला लढायचे आहे आणि दुसरीला आता विकून मोकळे व्हावेसे वाटते.

मी छोटी निवासी हॉटेले चालवली आहेत आणि सध्या मालकच जिथे व्यवस्थापक असतात अशा हॉटेलांचे हिशेब व कागदपत्रे पाहण्याचे काम करतो. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की तुम्ही सुचवलेल्या तिन्ही मार्गांपैकी एकही आज पत्करू नये. तुम्ही सगळ्या घटना एका ओळीत मांडल्या आहेत आणि त्या एकाच माणसाने एकाच हेतूने घडवल्या असे गृहीत धरले आहे. त्या दोन गटांत वेगळ्या केल्या की चित्र बदलते. अभिप्राय, नकाशा आणि रद्द झालेले आरक्षण यांमुळे तुमचे ग्राहक कमी होऊ शकतात. वाट, सांडपाण्याची तपासणी आणि मुळातला खरेदीचा प्रस्ताव यांचा संबंध मात्र तुम्ही त्या जागेवर टिकून राहण्याशी आहे. पहिल्या गटातील गोष्टी मनाला जास्त लागतात, कारण त्या चारचौघांत घडतात. नुकसान दुसऱ्या गटात जास्त होते आणि ते बराच काळ कोणाला दिसत नाही. ज्याने आधी खरेदीचा प्रस्ताव दिला आणि आता शेजारची जमीन घेऊ पाहतो आहे, त्याला तुमच्या बारा खोल्यांतल्या ग्राहकांत फारसा रस असण्याचे कारण नाही. त्याला पाण्याला लागून असलेली जमीन हवी आहे. तलावाचा काठ वाढवता येत नाही, त्यामुळे अशा ठिकाणी स्पर्धा खोल्यांच्या दरावर दिसली तरी तिचा शेवट बहुतेक वेळा जमिनीपाशी होतो.

पुढे जाण्याआधी काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो. इमारत व जमीन तुमच्या मालकीची आहे की भाडेपट्ट्याने घेतलेली, कर्ज किती व कोणत्या अटींवर आहे, वाटेचा हक्क नोंदवलेल्या दस्तात आहे की केवळ वहिवाटीने चालत आला आहे, आणि तुमच्या भागातील कायदा तलावाचा तळ व काठ कोणाचा मानतो, हे तुम्ही लिहिलेले नाही. या चार गोष्टींनुसार माझ्या सल्ल्याचा क्रम बदलू शकतो. शिवाय घडलेले सगळेच शेजाऱ्याचे काम असेल असेही नाही. स्वयंपाकी केवळ पगारासाठी गेला असेल, मोठा समूह खरोखरच शेवटच्या क्षणी मोडला असेल. सुदैवाने बहुतेक उपायांसाठी हे ठरवण्याची गरजच पडत नाही. शेजारी अगदी सज्जन असता तरी जी कामे करायला हवी होती, तीच आता तातडीने करायची आहेत.

सर्वांत आधी वाट. तलावाकाठच्या मालमत्तेत लोक इमारतीची कागदपत्रे जपतात आणि पाण्यापर्यंत पोहोचण्याचा हक्क गृहीत धरतात. तुमच्याकडील मूळ खरेदीदस्त, त्याआधीच्या मालकांचे दस्त आणि जमिनीचे नकाशे काढून त्यांत वाटेचा उल्लेख शब्दांत आहे का, तिची रुंदी किती दिली आहे, ती पायवाट आहे की वाहनासाठीही आहे आणि ती केवळ राहत्या घरासाठी दिलेली आहे की व्यवसायासाठीही वापरता येते, हे वकिलाकडून तपासून घ्या. घरगुती वापरासाठी दिलेल्या वाटेवरून हॉटेलचे ग्राहक जाऊ लागले की वापर वाढल्याची तक्रार करता येते, आणि जमिनीचा नवा मालक नेमके तेच करू शकतो. दस्तात उल्लेख सापडला तर अर्धी काळजी मिटली, कारण नोंदवलेला हक्क सर्वसाधारणपणे जमीन विकली तरी जमिनीबरोबर जातो.

उल्लेख नसेल तर मामला नाजूक होतो. अनेक देशांच्या कायद्यांत दीर्घकाळ उघडपणे, अखंड आणि कोणाची परवानगी न घेता केलेल्या वापरातून वाटेचा हक्क निर्माण होऊ शकतो. किती वर्षांचा काळ लागतो ते प्रत्येक ठिकाणी वेगळे आहे. येथे ‘परवानगी न घेता’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. सौजन्य म्हणून तुम्ही नव्या मालकाला “आम्हाला या वाटेने जाऊ द्यावे” असे पत्र लिहिलेत, किंवा त्याने “तुमच्या ग्राहकांना जायला माझी हरकत नाही” असे लिहून तुमची सही घेतली, तर हक्काने होणारा वापर कागदावर त्याच्या मेहरबानीवर येतो, आणि मेहरबानी केव्हाही काढून घेता येते. धूर्त शेजारी भांडण काढून वाट बंद करण्यापेक्षा असे गोड पत्र पाठवण्याची शक्यता अधिक असते. वकिलाला दाखवल्याशिवाय वाटेसंबंधी कोणत्याही कागदावर, अगदी पावतीवरही, सही करू नका.

जमीन अजून त्याच्या नावावर झालेली नाही, ही तुमच्या हातात असलेली सर्वांत मोठी संधी आहे. आजच्या मालकाकडे जा आणि वाटेचा हक्क मोबदला देऊन लेखी व नोंदणीकृत स्वरूपात विकत घ्या. पैशांची सोय होत असेल तर वाटेपुरती पट्टीच मागा. हा खर्च तुम्हाला अन्यायाचा वाटेल, कारण ज्या वाटेने तुम्ही रोज चालता तिच्यासाठी पैसे मोजायचे आहेत. परंतु जमीन शेजाऱ्याकडे गेल्यानंतर त्याच कागदाची किंमत कित्येक पट होईल, आणि कदाचित तो कागद मिळणारच नाही. याच वेळी त्या जमिनीतून तुमची आणखी काय ये-जा आहे ते पाहा. पाण्याची नळवाहिनी, विजेची तार, सांडपाण्याची वाहिनी, पावसाच्या पाण्याचा निचरा, ग्राहकांच्या गाड्या उभ्या करण्याची जागा यांतील काही तिथे असेल तर त्याचाही हक्क त्याच दस्तात घ्या. धक्क्याच्या दुरुस्तीची जुनी बिले, तारीख असलेली जुनी छायाचित्रे, आधीच्या मालकांची प्रतिज्ञापत्रे असा पुरावा आताच गोळा करा. आठवण असलेली माणसे कायम उपलब्ध राहत नाहीत.

दुसरी गोष्ट सांडपाण्याची. निनावी तक्रार खोडसाळपणाने केलेली असली, तरी तुमच्यावरच्या आरोपांपैकी खरा ठरू शकेल असा हा एकच आहे, म्हणून मी याला अभिप्रायांपेक्षा वरचे स्थान देतो. साध्या घराची सेप्टिक टाकी साधारण तीन ते पाच वर्षांनी उपसावी, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. हॉटेलचे स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचे पाणी जमेस धरले तर हा काळ बराच कमी होतो, आणि स्वयंपाकघराच्या नळीवर तेल-चरबी अडवणारा सापळा नसेल तर शोषक्षेत्र, म्हणजे टाकीतले पाणी जमिनीत मुरवणारी जागा, अकाली तुंबते. जुन्या घराचे हॉटेल झालेले असते, खोल्या वाढलेल्या असतात आणि टाकी मात्र घराच्या मापाचीच राहिलेली असते, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. तुमची टाकी किती क्षमतेची आहे हे तुम्हा दोघींपैकी कोणालाच माहीत नसेल, तर तो शोध या आठवड्यातच घ्यावा.

तलाव याबाबत फारसा क्षमाशील नसतो. १९७३ साली कॅनडातील प्रायोगिक सरोवर क्षेत्रात २२६ क्रमांकाच्या सरोवराच्या मधोमध पडदा लावून दोन्ही भागांत कार्बन व नायट्रोजन घातले गेले आणि एकाच भागात त्यांच्या जोडीला फॉस्फरस घातला गेला; तो भाग शेवाळाने हिरवागार झाला आणि दुसरा तसा झाला नाही. सांडपाणी आणि खते यांतून येणारा फॉस्फरस गोड्या पाण्याच्या तलावाला किती लवकर बिघडवतो, याचे ते ठळक प्रात्यक्षिक होते. पाणी हिरवे पडून वास येऊ लागला तर तुमच्या खोल्या कितीही नेटक्या असल्या तरी ग्राहक परत येणार नाहीत, आणि शेजाऱ्याचेही तेच होईल.

म्हणून हंगामात ठरावीक अंतराने पाण्याचे नमुने स्वतंत्र प्रयोगशाळेकडून तपासून घ्या. नमुना कोणी, कोठून व किती वाजता घेतला याची नोंद ठेवा. आंघोळीच्या अंतर्देशीय पाण्यासाठी युरोपीय संघाच्या २००६ च्या निर्देशात ‘उत्कृष्ट’ या दर्जाची मर्यादा १०० मिलिलिटरमागे ५०० ई. कोलाय (विष्ठेमुळे पाणी दूषित झाल्याची खूण मानले जाणारे जिवाणू) अशी आहे. अमेरिकेच्या २०१२ च्या निकषात याच जिवाणूंची भौमितिक सरासरी (नमुन्यांचे आकडे गुणून काढलेली सरासरी) १२६ च्या आत असावी असे म्हटले आहे. मोजण्याच्या या दोन पद्धती वेगवेगळ्या आहेत, तेव्हा तुमच्या भागात जो निकष लागू असेल तोच धरा. नमुने तुमच्या धक्क्यापाशीच न घेता सीमेच्या दोन्ही बाजूंना घ्या. दूषित पाणी शेजारच्या बाजूने येत असेल तर ते आपोआप नोंदले जाईल आणि त्यासाठी तुम्हाला कोणावर आरोप करावा लागणार नाही. तपासणी अधिकारी आले की त्यांच्याशी सौजन्याने वागा, तक्रारदार कोण असेल यावर चकार शब्द काढू नका, आणि तपासणी संपल्यावर दोष नसल्याचे किंवा दोष दूर झाल्याचे लेखी पत्र मागून घ्या. ते पत्र तुमच्या फायलीत असले की पुढच्या निनावी तक्रारीचा जोर निम्म्याने कमी होतो. अग्निसुरक्षा, विजेची जोडणी, बोटींची व जीवरक्षक जॅकेटांची तपासणी यांचेही कागद याच वेळी अद्ययावत करून टाकावेत. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

आता पैशांकडे येतो. तुमच्या तीन पर्यायांतला सर्वांत घातक पर्याय दर उतरवण्याचा आहे, आणि तो का घातक आहे हे आकड्यांत पाहिलेले बरे. एका खोलीचा एका रात्रीचा दर १०० धरा आणि त्या रात्रीमुळे होणारा प्रत्यक्ष खर्च, म्हणजे धुलाई, न्याहारी, वीज, मध्यस्थ संकेतस्थळाचे दलाली शुल्क, २५ धरा. हाती ७५ उरतात. दर ८० केलात तर ५५ उरतात. पूर्वीइतकीच शिल्लक हवी असेल तर खोल्या सुमारे ३६ टक्के जास्त विकल्या गेल्या पाहिजेत. तुमच्या ७० टक्के खोल्या भरत असतील तर त्या ९५ टक्क्यांच्या वर भराव्या लागतील, आणि बारा खोल्यांच्या हॉटेलात संपूर्ण हंगामभर ते घडत नाही. शेजाऱ्याकडे खोल्या जास्त आहेत आणि बहुधा इतर उत्पन्नही आहे, त्यामुळे या शर्यतीत तो तुमच्यापेक्षा जास्त काळ तोटा सोसू शकतो. दर युद्ध हे त्याच्या सोयीचे मैदान आहे. तिथे जाऊ नये. पैसा वाचवायचा असेल तर दलालीतून वाचवा. मध्यस्थ संकेतस्थळे साधारण १५ टक्के किंवा त्याहून अधिक घेतात, तेव्हा पूर्वी राहून गेलेल्या ग्राहकाला पुढच्या वेळी थेट तुमच्याकडे आरक्षण करण्याचे कारण द्या. ते कारण सवलतच असले पाहिजे असे नाही. त्यांच्या आवडीची खोली राखून ठेवणे किंवा उशिरा खोली सोडू देणे लोकांना पुरेसे वाटते, आणि एवढ्या लहान हॉटेलला हे मोठ्या हॉटेलपेक्षा सहज जमते.

तलावाकाठच्या हॉटेलचा खरा कमकुवत काळ हंगाम संपल्यानंतर येतो. खोल्या रिकाम्या असतात, हप्ता आणि कायम कर्मचाऱ्यांचे पगार चालू असतात, आणि खरेदीचा पुढचा प्रस्ताव नेमका तेव्हाच येतो. बंद महिन्यांचा कायम खर्च काढून तेवढी रक्कम हंगामातच वेगळ्या खात्यात टाकत जा. कर्जाचा करारही बाहेर काढून वाचा. सावकाराला कर्ज तिसऱ्या व्यक्तीकडे हस्तांतरित करता येते का, एखादा हप्ता चुकल्यावर संपूर्ण रक्कम एकदम मागता येते का, तुम्ही वैयक्तिक हमी दिली आहे का, हे पाहा. भाडेपट्टा असेल तर नूतनीकरणाची सूचना कोणत्या तारखेपर्यंत द्यायची आणि मालकाने जागा विकायला काढली तर प्रथम खरेदीचा हक्क तुम्हाला आहे का, हेही पाहा. ज्याला तुमची जागा हवी आहे त्याला तुमच्याशी व्यवहार करावाच लागेल असे नाही. त्याने तुमचे कर्ज किंवा तुमच्या घरमालकाचा हक्क विकत घेतला तरी त्याचे काम होते. असे पाऊल तो उचलेलच असे मी म्हणत नाही. तो जमिनीच्या बाबतीत ज्या रीतीने चालला आहे त्यावरून ही शक्यता तपासण्याजोगी आहे एवढेच.

ग्राहकांशी संबंधित घटनांवर तुलनेने कमी वेळ घालवावा, पण त्या दुर्लक्षूही नयेत. शेजारच्या हॉटेलांविषयी खोटे वाईट अभिप्राय लिहिले जातात हा केवळ मालकांचा संशय नाही. २०१४ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात ट्रिपॅडव्हायजर आणि एक्सपीडिया या दोन संकेतस्थळांवरील अभिप्रायांची तुलना केली होती. पहिल्यावर कोणालाही लिहिता येत असे, दुसऱ्यावर तिथून आरक्षण करून राहिलेल्यालाच लिहिता येई. खोटे लिहिण्याचे ज्यांना प्रलोभन जास्त, अशा हॉटेलांच्या शेजाऱ्यांना पहिल्या ठिकाणी एक आणि दोन ताऱ्यांचे अभिप्राय तुलनेने जास्त मिळालेले दिसले. गंमत अशी की हे प्रलोभन साखळी हॉटेलांपेक्षा छोट्या मालकांच्या स्वतंत्र हॉटेलांत अधिक आढळले, म्हणजे संशयाची सुई तुमच्यासारख्यांकडेही वळू शकते. म्हणून मैत्रिणींकडून पंचतारांकित अभिप्राय लिहवून घेण्याचा मोह टाळा. युरोपीय संघाने मे २०२२ पासून आणि अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०२४ पासून खोट्या अभिप्रायांवर स्पष्ट बंदी लागू केली आहे, आणि तुमच्या प्रतिस्पर्ध्याला तुमच्याविरुद्ध खरी तक्रार करण्याची संधी देण्यात काहीच शहाणपण नाही.

त्या पाच अभिप्रायांचा परिणाम किती, हे तुमच्याकडे एकूण अभिप्राय किती आहेत यावर ठरते. चाळीस अभिप्रायांची सरासरी ४.६ असेल तर पाच एक-तारा अभिप्रायांनी ती ४.२ वर येते. तीनशे अभिप्राय असतील तर तीच सरासरी साधारण ४.५४ राहते. तेव्हा खरा बचाव म्हणजे राहून गेलेल्या प्रत्येक ग्राहकाला, तो खूश दिसो वा न दिसो, अभिप्राय लिहिण्याची विनंती करण्याची शिस्त. खोट्या अभिप्रायांबाबत संकेतस्थळाकडे पुराव्यासह तक्रार करा. त्या तारखेला त्या नावाचे आरक्षण नव्हते, वर्णन केलेली सोय तुमच्याकडे नाहीच, पाचही खाती एकाच आठवड्यात उघडली गेली, अशा तपासता येणाऱ्या गोष्टी लिहा. जाहीर उत्तर एकदाच, दोन-तीन वाक्यांत द्या आणि ते लिहिणाऱ्याला उद्देशून न लिहिता पुढे वाचणाऱ्या अनोळखी ग्राहकाला उद्देशून लिहा. “या तारखेला या नावाने आमच्याकडे कोणी राहिल्याची नोंद नाही, आमची नोंदवही तपासून हे लिहीत आहोत” एवढे पुरे. शेजाऱ्याचा उल्लेख त्यात अजिबात नको.

नकाशावरची नोंद तुम्ही अधिकृतपणे आपल्या ताब्यात घेतली आहे का, हे तुमच्या प्रश्नातून कळत नाही. घेतली नसेल तर आजच घ्या. गूगलच्या नकाशावर व्यवसाय बंद असल्याचे कोणीही सुचवू शकतो, आणि व्यवसायाच्या नोंदीची मालकीही कोणी मागू शकतो. अशा मागणीला ठरलेल्या थोड्या दिवसांत उत्तर दिले नाही तर ती नोंद हातची जाण्याचा धोका असतो. दोघींची खाती मालक म्हणून जोडा, द्विस्तरीय पडताळणी चालू करा, आणि सूचना ज्या ईमेलवर येतात तो रोज उघडला जाईल असे पाहा. स्वयंपाकी किंवा इतर कोणी काम सोडले की त्याच दिवशी आरक्षण प्रणालीचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला. माणूस प्रामाणिक असला तरी हा नियम मोडू नये. स्वयंपाक्याच्या जाण्याचे मी मनाला फार लावून घेणार नाही. मात्र तुमचे सर्व पदार्थ, प्रमाणे आणि पुरवठादार त्याच्या एकट्याच्या डोक्यात होते का, याचा विचार करा, आणि उरलेल्यांपैकी प्रत्येक कामाला दुसरा जाणकार तयार ठेवा.

आरक्षणाबाबत मुद्दा सरळ आहे. बारापैकी आठ खोल्या म्हणजे दोन तृतीयांश हॉटेल, आणि ते तुम्ही आगाऊ रक्कम न घेता एका अनोळखी नावावर अडवून ठेवले होते. तीन किंवा अधिक खोल्यांच्या आरक्षणाला वेगळा लेखी करार ठेवा. आरंभी परत न होणारी ठेव, मुक्कामाच्या काही आठवडे आधी उरलेल्या रकमेचा मोठा हिस्सा, आणि ठरलेल्या तारखेला रक्कम आली नाही तर खोल्या आपोआप मोकळ्या, अशी त्याची रचना असावी. खऱ्या समूहांना हे नवे नसते आणि ते कुरकुर न करता मान्य करतात. हंगामात प्रतीक्षायादी ठेवली तर शेवटच्या क्षणी मोकळी झालेली खोलीही वाया जात नाही.

उघडे पाडणे आणि न्यायालय यांविषयी तुमच्यातल्या लढू पाहणाऱ्या मैत्रिणीला थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते. तुमच्याकडे आज संशय आहे, पुरावा नाही. संशय जाहीर केलात की बदनामीचा दावा करण्याचे हत्यार तुम्हीच त्याच्या हाती देता, आणि तो दावा जिंकला नाही तरी त्याचा खर्च तुम्हाला पेलणार नाही. शिवाय पाण्याकाठी दोन दिवस निवांत काढायला आलेल्या माणसाला मालकांचे भांडण ऐकण्यात रस नसतो. तो पुढच्या वेळी दोन्ही हॉटेले टाळून तिसरीकडे जातो. त्याऐवजी एक नोंदवही ठेवा. तारीख, काय घडले, कोणी पाहिले, कोणता कागद किंवा पडद्याचे छायाचित्र (स्क्रीनशॉट) जोडले आहे, एवढेच तिच्यात लिहा. विशेषणे आणि तर्क नकोत. अशी वही काही महिने चालली की एखादी घटना ठोस पुराव्यासह हाती लागते, उदाहरणार्थ बनावट आरक्षणासाठी वापरलेला दूरध्वनी क्रमांक शेजारच्या कार्यालयाचा निघतो. तेव्हा त्या एकाच घटनेवर वकिलाची नोटीस पाठवावी. अनेक मोघम आरोपांच्या लांबलचक नोटिशीपेक्षा सिद्ध करता येणाऱ्या एका गोष्टीची अर्ध्या पानाची नोटीस जास्त काम करते, हे मी वारंवार पाहिले आहे.

तुमच्या दोघींतल्या मतभेदाचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण त्यावर तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे आणि मला मात्र तो वाटेइतकाच गंभीर वाटतो. दोन भागीदारांचा व्यवसाय बाहेरच्याला घ्यायचा असेल तर त्याला दोघींना नमवावे लागत नाही. एकीचा हिस्सा मिळाला तरी तो दुसऱ्या दिवसापासून तुमच्या हिशेबवहीत बसतो. तुमचा भागीदारीचा करारनामा लेखी आहे का? असेल तर त्यात कोणत्याही भागीदाराने आपला हिस्सा बाहेरच्याला देण्याआधी तो दुसरीला त्याच अटींवर देऊ करण्याचे बंधन आहे का? हिश्श्याचे मूल्य कसे काढायचे, दोघींचे एकमत झाले नाही तर निर्णय कसा व्हायचा, एकीचा मृत्यू झाला किंवा तिच्यावर वैयक्तिक कर्जाची वसुली आली तर वारसांचे व सावकारांचे हक्क कोठपर्यंत, हे त्यात नसेल तर या सर्व कलमांसह नवा करारनामा करा. दोघींनी शक्यतो वेगवेगळा वकील घ्यावा. मैत्रीत हे विचित्र वाटते, पण एकाच वकिलाने केलेल्या करारावर पुढे कोणी तरी “माझे हित त्याने पाहिलेच नाही” असे म्हणू शकते. करारनामा होईपर्यंत एक साधा नियम पाळा: शेजाऱ्याशी किंवा त्याच्या मध्यस्थाशी एकटीने भेट नाही, आणि कोणीही काही बोलले तर ते त्याच दिवशी दुसरीच्या कानावर.

विकावेसे वाटणे म्हणजे शरण जाणे नव्हे. जिला थकवा आला आहे तिला तो मोकळेपणाने बोलता आला पाहिजे, अन्यथा ती तो दुसऱ्या कोणाशी बोलेल. दोघींनी शांतपणे बसून, कोणताही प्रस्ताव समोर नसताना, स्वतंत्र मूल्यांकनकाराकडून मालमत्तेचे मूल्य काढून घ्यावे आणि कोणत्या रकमेला दोघी आनंदाने विकायला तयार असाल ती रक्कम लिहून ठेवावी. मूल्यांकनकाराला दोन आकडे मागा. सर्वसाधारण खरेदीदाराला ही मालमत्ता किती मोलाची आहे हा पहिला, आणि दोन्ही भूखंड जोडून सलग काठ मिळवणाऱ्या शेजाऱ्याला ती किती मोलाची आहे हा दुसरा. दुसरा आकडा जवळजवळ नेहमीच मोठा असतो, आणि शेजारी पहिल्या आकड्याच्याही खालून बोलणी सुरू करतो. त्याचा पहिला प्रस्ताव तुम्ही कोणत्या आकड्याशी ताडून नाकारला होता, हे तुमच्या प्रश्नात नाही; बहुधा कोणत्याच नाही. वाटेचा नोंदणीकृत हक्क, सांडपाण्याचे स्वच्छ अहवाल आणि दोन-तीन हंगामांचे व्यवस्थित हिशेब हाती असले तर हे दोन्ही आकडे वर सरकतात. म्हणजे विकायचे ठरले तरी आधी कामे हीच करायची आहेत. तो पुन्हा विचारायला आला तर प्रस्ताव लेखी, दोघींच्या नावे आणि किती तारखेपर्यंत खुला आहे हे नमूद करून मागा, आणि त्याच वेळी दलालामार्फत आणखी एक-दोन खरेदीदारांनाही मालमत्ता दाखवा. एकच खरेदीदार समोर असला की किंमत तो ठरवतो.

पैसे मर्यादित असल्याने सगळे एकदम होणार नाही, म्हणून क्रम सांगतो. पहिला खर्च वाटेच्या दस्तावर करा, कारण तिथे वेळ तुमच्या विरुद्ध आहे. त्याच महिन्यात करारनामा आणि कर्जाचे कागद वकिलाकडे द्या. टाकीची तपासणी व पाण्याचे नमुने हंगाम सुरू होण्याआधी उरकून घ्या. नकाशाची नोंद, पासवर्ड आणि समूह-आरक्षणाच्या अटी यांना खर्च जवळजवळ नाही. त्या या आठवड्यात होऊ शकतात. मूल्यांकन हंगाम संपण्याच्या सुमारास करून घ्यावे, म्हणजे वर्षाचे ताजे आकडे त्यात येतील. जमिनीचा सध्याचा मालक कोण आहे, त्याने शेजाऱ्याकडून इसार घेतला आहे का आणि तुमच्या दस्तात वाटेबद्दल काय लिहिले आहे, एवढे कळवलेत तर पुढचे अधिक नेमकेपणाने सांगता येईल.